कार्ब्युरेटर काढल्यापासून

१ मार्च, शनिवार. सकाळी अकरा.
ही वही बहिणीनं पाठवली. जोलीन. फोर्ट वेनला असते. फोनवर म्हणाली, आई गेल्यापासून तू हं आणि बरं याच्या पलीकडे बोलत नाहीस ड्वेन, मनात येईल ते लिहीत जा, मोकळं वाटेल. मी म्हटलं, बरं.

मनात काही येत नाही. गाडीबद्दल लिहिणार.

डॅड आत्ताच गेले. आई जानेवारीत गेली तेव्हापासून दर शनिवारी नऊला येतात. बारा मैलांवरून, वय ब्याऐंशी. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, खिशात लांब स्क्रू ड्रायव्हर. घरात पाऊल नाही, थेट गॅरेज. माझी चौकशी नाही. विचारतात, काय म्हणतेय म्हातारी? म्हातारी म्हणजे ओल्ड्समोबिल, १९६६ची, फिकट निळी. त्यांनीच नवीकोरी घेतली होती, दहा वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात घातली.

गाडी सुरू केली की मिसिंग, इंजिन अडखळत चालतं. डॅड कान देतात, कार्ब्युरेटरचे स्क्रू इकडे पाव, तिकडे पाव फिरवतात, दहा मिनिटांत इंजिन लोण्यासारखं. मग मला कॉफी आणायला पाठवतात. कॉफी येईपर्यंत आणखी जरा बघतात आणि बॉनेट लावून मोकळे. पुढच्या शनिवारी पुन्हा मिसिंग. सलग आठ आठवडे. गाडी रस्त्यावर गेलेलीसुद्धा नाही. इंडियानात मार्चमध्ये बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ अजून रस्त्यावर असतं, पत्रा खातं.

मला सगळं समजतं. डॅड एकतीस वर्षं डीलरकडे कार्ब्युरेटरच्या टेबलावर होते. त्यांना वाटतं पोराला साधा एक कार्ब्युरेटर सांभाळता येत नाही. आई होती तोवर ती त्यांना आवरायची. आता आवरणारं कोणी नाही, म्हणून दर शनिवारी माझ्या चुका काढायला हजर.

निर्णय: कार्ब्युरेटर काढणार. इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवणार, म्हणजे पेट्रोल कॉम्प्युटर मोजून सोडतो. स्क्रूच नसला तर फिरवणार काय?

४ मार्च, मंगळवार.
किट मागवलं. कॅटलॉगात लिहिलंय, साध्या हत्यारांनी एका वीकेंडचं काम. ते सामान्य लोकांसाठी. मी बत्तीस वर्षं गिअरबॉक्सच्या कारखान्यात काढली. एक दुपार.

१६ मेला रूट बिअर स्टँडवर सीझनची पहिली क्रूझ. सगळ्या जुन्या गाड्या ओळीनं, बॉनेट उघडी, बाजूला घडीच्या खुर्च्या. मी मधोमध. डॅड येतील, वाकून बघतील, शाब्बास म्हणतील. सत्तावन्न वर्षांत एकदाही म्हणालेले नाहीत. मला त्याचं काही नाही. पण म्हणतील.

८ मार्च, शनिवार.
डॅडना सांगितलं. म्हणाले, कशाला, चालते की. मी म्हटलं, दर आठवड्याला बिघडते ती चालते कसली? शिवाय तुम्हाला बर्फातून यायचा त्रास वाचेल. म्हणाले, त्रास होतो असं कोण म्हणालं?

आज ट्यूनिंगला चाळीस मिनिटं लावली. म्हातारपण. हात मंदावलाय.

१२ मार्च, बुधवार.
किट आलं. यातला कॉम्प्युटर स्वतः शिकतो. गाडी चालवत राहायची, पेट्रोल किती आणि हवा किती हे तो आपलं आपण शिकत जातो. म्हणजे मला काही शिकायची गरज नाही. सोबत चौऱ्याऐंशी पानी माहितीपुस्तक आहे. फळीवर ठेवलं. फळी डुगडुगत होती, आता डुगडुगत नाही.

१५ मार्च, शनिवार.
डॅड यायच्या आतच कार्ब्युरेटर काढून टेबलावर ठेवला. मुद्दामच.

डॅड आले. काय म्हणतेय म्हातारी, हे अर्ध्यावरच राहिलं. कार्ब्युरेटर हातात घेतला, फडकं मागितलं. बराच वेळ पुसत बसले. म्हणाले, फेकू नकोस हं हा. मी म्हटलं, नाही. मग रंगाच्या उलट्या बादलीवर बसून कॉफी प्यायले. साडेदहाला गेले. एक चूक काढली नाही. जिंकलो.

१६ मार्च, रविवार.
वीकेंड संपला. किट कार्ब्युरेटरच्या जागी बसलं, पण त्यावर हवेचा फिल्टर ठेवला की बॉनेट लागत नाही. बॉनेट चुकीचं आहे.

२२ मार्च, शनिवार.
टाकीला जास्तीचं पेट्रोल परत नेणारी दुसरी नळी जोडायची आहे. मी खाली झोपलेला, डॅड दिवा धरून उभे. दिवा मात्र छान धरतात, जराही हलत नाही. मी म्हटलं, तुमचं इथे आज काही काम नाही, उगाच थंडीत उभे राहू नका, घरी जा. म्हणाले, घरी काय आहे?

बरोबर आहे. घरी आईचे कपडे आहेत, अजून कपाटात तसेच. ते आवरायचं टाळतायत. जोलीन म्हणते, दोघं मिळून आवरा. बरं म्हटलं. गाडी झाली की.

२४ मार्च, सोमवार.
फ्रीजरमधला शेवटचा कॅसरोल काढला, ओव्हनमध्ये भाजलेलं तयार जेवण. अंत्यविधीनंतर चर्चच्या बायकांनी आणून दिले होते, अकरा भांडी. प्रत्येकाच्या तळाला चिकटपट्टी, तिच्यावर नाव. भांडी धुऊन परत करायची असतात. धुऊन ठेवलीत. परत करायची गाडी झाली की.

टूना आणि नूडल्स होते. चव लागली नाही. अडीच महिने फ्रीजरमध्ये होतं म्हणून.

२९ मार्च, शनिवार.
समोरच्या घरातला वेन्डेल येऊन बघून गेला. त्याच्याकडे ओल्ड्समोबिलचीच बहात्तरची स्टेशन वॅगन आहे, तिचा कार्ब्युरेटर गेलाय. म्हणाला, तुझा पडून आहे तर देतोस का? देऊन टाकला. टेबलावरची जागा रिकामी झाली. डॅड तेव्हा येऊन गेले होते, त्यांना सांगितलेलं नाही. विचारतील तेव्हा सांगेन.

वेन्डेलनं जाताना विचारलं, पुस्तक वाचलंस ना? मी हसलो.

५ एप्रिल, शनिवार. दुपारी बारा.
आज किल्ली फिरवली. डॅड साक्षीला.

आधी कॉम्प्युटर छोट्या पडद्यावर प्रश्न विचारतो. सिलिंडर किती? आठ. इंजिन कसं? साधं, जोरदार की रेसचं? डॅड शेजारी उभे होते. रेसचं, असं दाबलं.

सुरू झाली. झाली, हे महत्त्वाचं. मग काळा धूर. पहिल्यांदा गॅरेजमध्ये, मग रस्त्यावर, मग वेन्डेलच्या बायकोनं वाळत घातलेल्या चादरींवर. डॅड नाकाला रुमाल लावून म्हणाले, फार पितेय रे. मी म्हटलं, शिकतेय. म्हणाले, काय, प्यायला?

कॉम्प्युटरला पहिल्या दिवशी सगळं कसं येईल? वेळ द्यायला हवा.

९ एप्रिल, बुधवार.
पेट्रोलची नळी फुटली. मी कार्ब्युरेटरच्या वेळची जुनीच ठेवली होती, चांगली होती. इंजेक्शनचा पंप तिच्या दसपट जोरानं ढकलतो. छतापर्यंत कारंजं. आग लागली नाही. कपडे अंगणात काढले. पाय थंडगार पडले होते, तरी बराच वेळ तसाच उभा होतो. वेन्डेलच्या बायकोनं खिडकीचा पडदा ओढून घेतला.

दुकानातल्या बाईनं नवी नळी देताना सांगितलं, हे चौदाव्या पानावर ठळक छापलंय. आता लोकांना आपली पुस्तकं पाठ असतात.

१९ एप्रिल, शनिवार.
मागच्या शनिवारी नळी बसवून झाली नव्हती, म्हणून डॅड नुसते बसून गेले. आज सुरू झाली, पण पडदा म्हणतो इंजिन मिनिटाला नऊ हजार फेरे घेतंय. उभ्या गाडीत. डॅडनी मान तिरकी केली, डोळे मिटले. म्हणाले, साडेसहाशे. फार तर सहाशे साठ. तुझा कॉम्प्युटर थापा मारतोय.

मी म्हटलं, कॉम्प्युटर थापा मारत नसतो. म्हणाले, मग मी मारतो.

अर्धीच कॉफी प्यायले. कप मोरीत नेऊन धुतला, पालथा घातला आणि गेले. आधी कधी धुतलेला नाही.

२६ एप्रिल, शनिवार.
डॅड दहाला आले. खिशात स्क्रू ड्रायव्हर नव्हता. चांगलं लक्षण आहे, मानसिक तयारी होतेय. विचारलं, कार्ब्युरेटर कुठे ठेवलास? मी म्हटलं, वेन्डेलला दिला. म्हणाले, असं. मग हवामानाबद्दल बोललो. मक्याच्या पेरणीला उशीर होणार.

६ मे, मंगळवार.
वेन्डेल म्हणाला, दहा दिवसांवर क्रूझ आली, बघू दे मला. फळीवरचं पुस्तक काढलं. फळी पडली. त्यानं खुर्चीत बसून चौऱ्याऐंशी पानं पहिल्यापासून वाचली, माझ्या डोळ्यांदेखत, चष्मा पुसत पुसत. मग म्हणाला, कॉम्प्युटरची वायर प्लगच्या वायरींना चिकटवून नेलीयेस, तिथून दूर घे. रेसचं इंजिन कोणी सांगितलं तुला, तुझी आजी होती का शर्यतीत? साधं दाब. आणि सायलेन्सरच्या पाइपात फट आहे, ती बुजव. बॉनेटसाठी चपटा फिल्टर त्यानं स्वतःच आणला.

पाच वाजता किल्ली फिरवली. लगेच सुरू. धूर नाही, मिसिंग नाही. पडद्यावर साडेसहाशे.

एका दुपारचं काम. मी म्हटलंच होतं.

१० मे, शनिवार.
मोठा दिवस. डॅड सव्वादहाला आले. मी किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू.

डॅड दोन मिनिटं मान खाली घालून ऐकत होते. मग बॉनेटखाली वाकले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. म्हणाले, हे ट्यून कुठून करायचं? मी म्हटलं, तीच तर गंमत आहे डॅड, करावंच लागत नाही. थंडी, ऊन, पाऊस, तो आपला आपण जुळवून घेतो. आता कोणी हात लावायला नको. म्हणाले, कधीच? मी म्हटलं, कधीच.

मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, शाब्बास. चांगली चालतेय.

म्हणाले. लिहून ठेवतो: सकाळी दहा वाजून पस्तीस मिनिटं.

काही वाटलं नाही. उद्या वाटेल.

११ मे, रविवार.
आजही नाही.

१६ मे, शुक्रवार.
क्रूझ. मधोमध जागा मिळाली. बॉनेट उघडं. सात जणांनी वाकून बघितलं. त्यातल्या तिघांनी विचारलं, कार्ब्युरेटर कुठे गेला? घडीच्या खुर्च्या दोन नेल्या होत्या. डॅडचा फोन आला, गुडघा दुखतोय, तू मजा कर. पोर्क टेंडरलॉइनचं सँडविच खाल्लं. मांस पावाच्या बाहेर चारी बाजूंनी लोंबत होतं, तेवढं तोडून खाल्लं, पाव तसाच ठेवला. दुसऱ्या खुर्चीवर टोपी ठेवली होती.

१७ मे, शनिवार.
नऊ. डॅड नाहीत. साडेनऊ. दहा. कॉफी दोघांची केली होती, दोन्ही कप मीच संपवले. अकराला फोन केला. म्हणाले, काय रे, बिघडली का? मी म्हटलं, छे, एकदम फर्स्ट क्लास. म्हणाले, मग झालं तर. त्यांच्याकडे मागे टीव्हीवर लिलाव चालू होता. ते म्हणाले, बरं. मी म्हटलं, बरं.

योजना सफल झाली. मुद्दाच तो होता, त्यांना यायला लागू नये हा.

२४ मे, शनिवार.
डॅड नाहीत. गाडी पुसली.

३१ मे, शनिवार.
डॅड नाहीत. गाडी पुसलेलीच होती.

जोलीनचा फोन. म्हणाली, डॅड दाढी करत नाहीत, दुपारपर्यंत गाऊनमध्ये बसतात, तुमच्या शनिवारचं काय झालं? मला म्हणाले, ड्वेनचं आता माझ्यावाचून अडत नाही. मी म्हटलं, खरंय, अडत नाही. ती म्हणाली, गाढव आहेस. मी म्हटलं, बरं.

फोन ठेवून पुसलेली गाडी पुन्हा पुसली. तिच्या आरडाओरड्यानं असेल.

३ जून, मंगळवार.
वेन्डेल कुंपणापाशी भेटला. म्हणाला, तुझा कार्ब्युरेटर म्हणजे हिरा आहे. लावला त्या दिवसापासून दोन महिने हात लावलेला नाही, गाडी झुळझुळ चालतेय. मी म्हटलं, नशीबवान आहेस, माझ्याकडे दर आठवड्याला बिघडायचा. तो म्हणाला, असा दर आठवड्याला कार्ब्युरेटर बिघडत नसतो ड्वेन, मुद्दाम कोणी फिरवल्याशिवाय. मी म्हटलं, मी तर हात लावत नव्हतो, डॅडशिवाय कोणीच हात लावत नव्हतं.

 वेन्डेल एकदम गवत कापायला निघून गेला. विक्षिप्त माणूस.

४ जून, बुधवार.
मला कॉफी आणायला पाठवायचे.

मी आत गेलो की स्क्रू अर्धा फेरा उलटा फिरवून ठेवत होते. पुढच्या शनिवारी यायला काम असावं म्हणून.

सकाळपासून गॅरेजमध्ये त्या बादलीवर बसून आहे. रडू येईल असं वाटलं. वाट बघितली. आलं नाही.

७ जून, शनिवार. सकाळी आठ.
नवी योजना. इंजिनाच्या उष्णतेची खबर कॉम्प्युटरला देणारी एक वायर आहे. तिचा प्लग काढला. गाडी लगेच आजारी, धूर, मिसिंग, सगळं पूर्वीसारखं. छान. आता डॅडना फोन. तासाभरात इथे असतील. कॉफी चढवली आहे.

त्याच दिवशी, साडेनऊ.
मी म्हटलं, डॅड, मिसिंग मारतेय, येता का जरा?  म्हणाले, कॉम्प्युटर काय म्हणतो? मी म्हटलं, तो काही म्हणत नाही, तुम्ही कान देऊन बघा. म्हणाले, कंपनीला फोन कर बाबा. मला त्या वस्तूतलं कळत नाही. मी म्हटलं, नुसतं ऐकून जा. म्हणाले, ऐकून करू काय? फिरवायला काही ठेवलंयस का त्यात?

रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

प्लग परत लावला. लगेच सुरू झाली.

९ जून, सोमवार.
निश्चय: वेन्डेलकडून कार्ब्युरेटर परत घ्यायचा आणि बसवायचा. इंजेक्शन काढायचं, जुना पंप लावायचा, टाकीचं दुसरं भोक बुजवायचं. शनिवारपर्यंत सहज. एका दुपारचं काम.

११ जून, बुधवार.
इंजेक्शनचे दोन बोल्ट मोडून आतच अडकले. पुस्तकात बोल्ट कसे काढायचे ते नाही. शोधलं. आधी सैल केलेले दोन परत घट्ट केले, मोडलेले तसेच. गाडी चालते. उलट चांगलीच चालते. हिला बिघडवणं माझ्या हातात नाही.

१३ जून, शुक्रवार.
वेन्डेलला सगळं सांगितलं, म्हणजे बोल्टचं. तो म्हणाला, कार्ब्युरेटर राहू दे आता माझ्याकडेच. माझी वॅगन कालपासून अचानक मिसिंग मारायला लागलीये. मी म्हटलं, परवापर्यंत हिरा होता ना? म्हणाला, कार्ब्युरेटरच तो, त्याचं काय सांगावं. तुझ्या डॅडना फोन केलाय, उद्या येतायत. तुझी हरकत नाही ना?

मी म्हटलं, माझी कसली हरकत?

१४ जून, शनिवार. सकाळी अकरा.
नऊला पाच कमी असताना डॅडचा पिकअप आमच्या रस्त्यावर आला. मी गॅरेजचं दार वर केलं. पिकअप माझ्या घरासमोर हळू झाला आणि वेन्डेलच्या अंगणात वळला.

दाढी केलेली होती. शर्टाला इस्त्री. वेन्डेलनं बॉनेट उघडून ठेवलं होतं. मला त्यांचं बोलणं इथपर्यंत ऐकू येत होतं. डॅड म्हणाले, काय म्हणतेय ही? वेन्डेल म्हणाला, तुम्हीच बघा व्हर्लिन, माझं डोकं चालेनासं झालंय. डॅड खुशीत वाकले. वेन्डेलला हातानं बाजूला सारलं, म्हणाले, सर, उजेड अडवू नकोस.

दहा मिनिटांचं काम होतं, सव्वा तास लावला. दोघं जोरजोरात हसले, दोनदा. वेन्डेलची बायको ताटात ॲपल पाय घेऊन बाहेर आली. डॅडनी दोन तुकडे खाल्ले.

मी माझी गाडी सुरू केली, त्यांना ऐकू जाईल अशी. पहिल्या फटक्यात सुरू झाली. डॅडनी तोंडातला घास थांबवून मान वर केली, ऐकलं. वेन्डेलला म्हणाले, तिला काही झालेलं नाही. आणि परत खायला लागले.

मी गाडी बंद केली. तिकडे जायला हवं होतं. रस्ता ओलांडला की वेन्डेलचं अंगण, वीस पावलं. काय काम सांगून जायचं ते सुचलं नाही.

साडेदहाला निघाले. वेन्डेलला म्हणाले, पुढच्या शनिवारी बघू, अजून जरा अडखळतेय. पिकअप माझ्या दारावरून गेला. मी गॅरेजच्या दारात उभा होतो. डॅडनी स्टिअरिंगवरून एक बोट उचललं, आमच्याकडे समोरून येणाऱ्या कुठल्याही गाडीवाल्याला उचलतात तसं.

मीही उचललं.